लिबरल आर्ट्स कॉलेजात अर्थशास्त्र: पहिल्या चार सत्रांत काय ठरतं

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. मुलगी सोलापुरात बारावी कॉमर्सला आहे, गणित घेतलेलं आहे आणि अर्थशास्त्राची तिला मनापासून आवड आहे. पुण्याजवळच्या एका खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात (जिथे मुख्य विषयासोबत इतर शाखांचे विषयही घ्यायचे असतात) चार वर्षांच्या बी.ए. अर्थशास्त्राला तिला प्रवेश मिळतोय. तुमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, फी झेपण्यासारखी नाही, कर्ज काढावं लागेल. घरातली मंडळी म्हणतात, "तिथे सगळं थोडं थोडं शिकवतात, धड काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा पुण्यात बी.एस्सी. अर्थशास्त्र करू दे, नाहीतर इथल्याच कॉलेजात बी.ए. करून स्पर्धा परीक्षेला बसू दे." यातलं कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

अर्थशास्त्र शिकवणं आणि पदवीच्या मुलांना विषय निवडायला मदत करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरच्यांची शंका निराधार नाही. पण ती कॉलेजला लावण्याऐवजी विषयांच्या निवडीला लावायला हवी. अशा कॉलेजात एका सत्रात चार-पाच कोर्स असतात, आठ सत्रांत पस्तीस-चाळीस होतात. त्यातले अर्थशास्त्राचे सक्तीचे साधारण बारा ते सोळा. उरलेल्यांत काही सर्वांना समान असे पायाभूत कोर्स, बाकीचे मुलांनी स्वतः निवडायचे. म्हणजे निम्म्याच्या आसपास अभ्यासक्रम विद्यार्थिनीच्या हातात असतो. एकाच वर्गातल्या दोन मुली चार वर्षांनी 'बी.ए. अर्थशास्त्र' हेच प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. एकीच्या गुणपत्रकात कॅल्क्युलस (अवकलन-संकलन), लिनियर अल्जिब्रा (मॅट्रिक्सचं गणित), संख्याशास्त्र, इकॉनोमेट्रिक्सचे (आकडेवारीवरून कशामुळे काय होतं ते तपासण्याचं शास्त्र) दोन कोर्स आणि प्रबंध असतो. दुसरीच्या गुणपत्रकात दहा विषयांचे 'परिचय' असतात. पुढच्या प्रवेशाला आणि नोकरीला या दोघींमधला फरक दोन कॉलेजांमधल्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

आणि तो फरक पहिल्या चार सत्रांतच पडतो, कारण अर्थशास्त्राचे कोर्स एकमेकांवर उभे असतात. कॅल्क्युलस झाल्याशिवाय इंटरमीजिएट मायक्रो, म्हणजे ग्राहक आणि उत्पादक कसे निवडतात याचा मधल्या पातळीचा कोर्स, नीट जमत नाही. संख्याशास्त्राशिवाय इकॉनोमेट्रिक्स घेता येत नाही. इकॉनोमेट्रिक्सशिवाय श्रम-अर्थशास्त्र, विकासाचं अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त यांतले वरच्या पातळीचे कोर्स नुसते वाचून सोडावे लागतात, आणि प्रबंधात आकडे हाताळता येत नाहीत. आता समजा कोणी मायेने सल्ला दिला की पहिल्या वर्षी जड काही घेऊ नको, आधी रुळू दे. मुलगी कॅल्क्युलस तिसऱ्या सत्रावर ढकलते. मग इंटरमीजिएट मायक्रो चौथ्या-पाचव्यात, इकॉनोमेट्रिक्स सहाव्यात किंवा सातव्यात. परदेशातल्या मास्टर्सचे अर्ज चौथ्या वर्षाच्या डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात, आपल्याकडच्या बऱ्याच प्रवेश परीक्षांचे अर्जही त्याच हिवाळ्याच्या आसपास येतात. त्या वेळी हातातल्या गुणपत्रकात सहा सत्रं असतात आणि जे दिसायला हवं नेमकं तेच त्यात नसतं. मुलगी हुशार असूनही कागदावर कच्ची दिसते.

म्हणून मी सहसा असा क्रम सुचवतो. पहिल्या सत्रात अर्थशास्त्राचा पहिला कोर्स आणि त्याच्याच बरोबरीने कॅल्क्युलस. दुसऱ्या सत्रात मॅक्रोचा (सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा) परिचय आणि संभाव्यता-संख्याशास्त्र. तिसऱ्यात इंटरमीजिएट मायक्रो आणि लिनियर अल्जिब्रा. चौथ्यात इकॉनोमेट्रिक्स आणि इंटरमीजिएट मॅक्रो. एका सत्रात गणिती स्वरूपाचे दोनच कोर्स, तिसरा घ्यायचा नाही. बाकीच्या जागा लेखन, इतिहास, समाजशास्त्र अशा कोर्सना. तीन गणिती कोर्स एकत्र घेतले की गृहपाठाच्या तारखा एकाच आठवड्यात येतात आणि तिन्हींत गुण घसरतात. पीएच.डी.चा विचार मनात असेल तर पाचव्या किंवा सहाव्या सत्रात रिअल ॲनालिसिस (कॅल्क्युलसच्या सिद्धतांचा कोर्स) घ्यावं. नसेल तर त्याची गरज नाही, त्याऐवजी इकॉनोमेट्रिक्सचा दुसरा कोर्स जास्त उपयोगी पडतो.

कॉमर्सच्या गणितावर हे झेपेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. झेपतं, पण मधे एक खड्डा आहे आणि तो कुठे आहे ते आधी माहीत हवं. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी कॉमर्सच्या गणितात अवकलन, संकलन, मॅट्रिक्स, लिनियर प्रोग्रॅमिंग, संभाव्यता वितरणं, काल-श्रेणी, निर्देशांक आणि रेषीय समाश्रयण, म्हणजे रिग्रेशनसुद्धा आहे. संख्याशास्त्राच्या बाबतीत ही मुलं सायन्सच्या मुलांपेक्षा पुढेच असतात. कमी पडते ती त्रिकोणमिती, फलनांचे आलेख डोळ्यांपुढे आणण्याची सवय आणि सिद्धता लिहिण्याचा सराव. आपल्याकडे गणित म्हणजे सूत्र ओळखून किमती घालणं. तिथे पहिल्याच परीक्षेत विचारतात, 'हे फलन अंतर्वक्र आहे हे दाखवा आणि त्याचा ग्राहकाच्या निवडीशी संबंध सांगा.' सूत्र पाठ असून इथे उपयोग होत नाही.

उपाय साधा आहे. निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत सहा आठवडे, रोज तास-दीड तास. बालभारतीच्या संकेतस्थळावरून सायन्स शाखेची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं घ्या आणि त्यातलं फलनं, मर्यादा, अवकलन आणि त्याचे उपयोग एवढंच करा. त्यात घातांकी आणि लॉगॅरिदमिक फलनांवर जास्त वेळ द्या, कारण अर्थशास्त्रात वाढीचे दर आणि लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) लॉगमध्येच मोजतात. शेवटच्या दोन आठवड्यांत आंशिक अवकलन पाहून ठेवावं, म्हणजे एक चल स्थिर धरून दुसऱ्याच्या संदर्भात अवकलन करणं. इंटरमीजिएट मायक्रोमध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत उपयोगिता (वस्तूंपासून मिळणारं समाधान) कमाल करायची लॅग्रांज पद्धत येते, ती पूर्णपणे यावर उभी आहे. बहुतेक मुलं अडखळतात ती तिथेच. आकृती काढता येते, बीजगणित करता येत नाही.

आता इकॉनोमेट्रिक्सवर मी एवढा जोर का देतो ते सांगतो, कारण अर्थशास्त्राच्या पदवीत शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं मला तेच वाटतं. सोलापूरचंच उदाहरण घेऊ. आपल्या सिद्धेश्वर मार्केट यार्डातली कांद्याची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. बारावीला शिकलेलं रिग्रेशन वापरून तुमची मुलगी आजसुद्धा आवक आणि दर यांच्यातली रेघ काढू शकेल. बारावीत 'य'ची 'क्ष'वर आणि 'क्ष'ची 'य'वर अशा दोन्ही रेघा काढायला लावतात, आणि दोन्ही बरोबर धरतात. नवखा विद्यार्थी त्या रेघेखाली 'कांद्याचा मागणी वक्र' असं लिहून मोकळा होतो.

पण ती रेघ मागणीची नाही, पुरवठ्याचीही नाही. आवक वाढली की दर पडतो, हे खरं. त्याच वेळी दर चढल्याची बातमी गावात पोचली की शेतकरी जास्त गाड्या भरून आणतात, म्हणजे दरामुळे आवक वाढते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि ठिपक्यांत त्या मिसळून जातात. मागणी वेगळी काढायची तर आवक हलवणारं, पण खरेदीदाराच्या मागणीला हात न लावणारं असं काहीतरी शोधावं लागतं. पाऊस घ्यावा का? काढणीच्या वेळी पाऊस झाला तर आवक घटते. पण भिजलेला कांदा टिकत नाही, त्याची प्रत उतरते, आणि दर प्रतीमुळे बदलला की आवकेमुळे हे सांगता येत नाही. म्हणजे पाऊस तितकासा चालत नाही. मग सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत लिलाव बंद राहिले आणि नंतरच्या दिवशी साठलेला माल एकदम आला, तर? हे जास्त चांगलं आहे, कारण यात्रेची तारीख कांद्याच्या दरावरून ठरत नाही. तरीही शेतकऱ्याला सुट्टी आधीच माहीत असते, तो आदल्या आठवड्यातच माल आणू शकतो, त्याचा हिशेब करावा लागतो. असा उलटसुलट विचार करायला शिकवणं, हाच इकॉनोमेट्रिक्सचा खरा अभ्यास. सॉफ्टवेअरचं बटण दाबणं दोन आठवड्यांत येतं.

याच धाग्यावर प्रबंधाचा एक विषय सांगतो, म्हणजे चौथ्या वर्षी काय काम असतं ते लक्षात येईल. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ४ मे २०२४ रोजी उठवली. सोलापूरच्या दरावर तिचा परिणाम किती झाला? नोव्हेंबरचा दर आणि जानेवारीचा दर यांची वजाबाकी केली तर उत्तर चुकणार, कारण त्या महिन्यांत खरिपाच्या लाल कांद्याची आवक वाढत असते आणि दर बंदी नसतानाही उतरतो. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं गेलं होतं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत लावली गेली होती, म्हणजे 'बंदीआधीचा काळ' म्हणून आपण जो धरतो तोही मोकळा नाही. म्हणून आधीच्या चार-पाच वर्षांतले तेच आठवडे घ्यायचे, बंदीचा संबंध नसलेल्या एखाद्या मालाचे दर सोबत घ्यायचे आणि फरकातला फरक मोजायचा, म्हणजे कांद्याच्या दरातल्या बदलातून त्या मालाच्या दरातला बदल वजा करायचा. हे काम चौथ्या सत्रापर्यंत इकॉनोमेट्रिक्स झालेली मुलगी करू शकते. सातव्या सत्रात इकॉनोमेट्रिक्स शिकणारी मुलगी त्याच विषयावर वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा गोषवारा लिहिते.

मग लिबरल आर्ट्सचे ते 'थोडं थोडं' विषय कशाला? इथे मी घरच्यांशी असहमत आहे. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. प्रश्नावलीत "तुम्ही काम करता का?" असा प्रश्न असेल तर त्यांतल्या कितीतरी जणी "नाही, घरीच असते" असं उत्तर देतील आणि आकडेवारीत त्या बेरोजगारही नाहीत, कामगारही नाहीत, अशा निघून जातील. "गेल्या आठवड्यात किती हजार विड्या वळल्या? हजारामागे किती मिळाले? पान खराब निघालं म्हणून किती कापले?" असं विचारलं की काम दिसायला लागतं. हे समाजशास्त्राच्या संशोधन-पद्धतीच्या कोर्समध्ये शिकवतात, अर्थशास्त्राच्या वर्गात क्वचितच. प्रश्न तेलुगूत विचारायचा की मराठीत, मुलाखतीच्या वेळी मुकादम शेजारी बसलाय का, यावरही उत्तर बदलतं.

तुमच्या धंद्याचंच पाहा. आज चालू असलेल्या यंत्रमागांवर फिरून "टेरी टॉवेलमध्ये नफा किती" असं विचारलं, तर जे कारखाने बंद पडून भंगारात गेले त्यांची नोंदच होत नाही आणि धंदा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. ही चूक टाळायला संख्याशास्त्र लागतं, आणि गिरण्या कधी व का बंद झाल्या, माग कुठून कुठे गेले, हा इतिहासही लागतो. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. त्या परंपरेत अर्थशास्त्र आणि समाजाची घरोघरची चौकशी वेगळी नव्हती. म्हणून निवडीचे कोर्स विखुरलेले नकोत, एका दिशेचे हवेत. इतिहासाचे दोन, समाजशास्त्राचे दोन आणि कॉम्प्युटर सायन्सचा एक असे पाच कोर्स एकाच प्रश्नाभोवती बसवले तर ते प्रबंधात कामी येतात. पाच वेगळ्या विभागांतले पाच 'परिचय' चार वर्षांनी आठवतही नाहीत.

लहान वर्ग हा या कॉलेजांचा दुसरा फायदा, आणि तो वाया घालवणारी मुलं पुष्कळ. प्राध्यापकांनी आठवड्यात दोन-तीन तास भेटीसाठी ठेवलेले असतात. आपल्याकडची मुलं तिथे जात नाहीत. सरांना त्रास होईल, आपलं इंग्रजी अडखळेल, प्रश्न बाळबोध वाटेल, अशी भीती असते. मुलीला सांगा की पहिल्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी एकदा जायचं, सोबत अडलेलं एक गणित किंवा वाचलेला एक परिच्छेद न्यायचा. मास्टर्सच्या अर्जाला दोन-तीन शिफारसपत्रं लागतात. 'हिला ए ग्रेड मिळाली' एवढंच लिहिलेल्या पत्राला किंमत नसते. तिने कुठला प्रश्न कसा सोडवला हे लिहू शकणारा शिक्षक तिसऱ्या वर्षापर्यंत तयार व्हावा लागतो. इंग्रजी लेखनाची भीती असेल तर पहिल्या सत्रातला लेखनाचा कोर्स टाळू नये, आणि निबंधाचा कच्चा मसुदा जमा करायच्या आठवडाभर आधी शिक्षकांना दाखवावा.

आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आर' शिकावं, ते फुकट आहे. स्टाटा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळालं तर उत्तम. एक्सेलवर थांबू नये.

प्रवेश पक्का करण्याआधी कॉलेजला काही गोष्टी लेखी विचारा. इकॉनोमेट्रिक्स सक्तीचं आहे का आणि कुठल्या सत्रात. इंटरमीजिएट मायक्रोला कॅल्क्युलसची अट आहे का. नसेल तर तो कोर्स गणिताविना शिकवला जातो असं समजा. अर्थशास्त्र विभागात कायमस्वरूपी प्राध्यापक किती आणि त्यांतले या वर्षी रजेवर किती. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कधी जाहीर करायचा, जागांची मर्यादा आहे का, गुणांची अट आहे का. वरच्या पातळीचे कोर्स दरवर्षी होतात की वर्षाआड. माहितीपुस्तकात वीस नावं असतात आणि प्रत्यक्षात सत्राला चारच चालतात, असंही असतं. आणि सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा विचारू नका. मागच्या तीन वर्षांत अर्थशास्त्राचे किती विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांतले किती कुठल्या मास्टर्सला गेले, ही यादी मागा. दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलायला मिळालं तर त्यांना फक्त चौथ्या सत्रात काय काय घेतलं होतं एवढं विचारा.

बी.ए. की बी.एस्सी., यावर फार वेळ घालवू नका. दिल्ली विद्यापीठाची अर्थशास्त्र ऑनर्सची पदवी बी.ए.च आहे आणि तिला प्रवेशासाठी गणित सक्तीचं आहे. पुण्याच्या गोखले संस्थेची पदवी बी.एस्सी. आहे. पुढे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा ठिकाणी जायचं तर प्रवेश परीक्षेत गणित किती येतं हे महत्त्वाचं. आयआयटीच्या जॅम या मास्टर्स प्रवेश परीक्षेतही २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत एक बारकावा: भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, नुसती चार वर्षांची ऑनर्स पदवी पुरत नाही. त्यामुळे कुठलाही रस्ता धरला तरी मास्टर्स धरूनच बजेट आखा.

आणि इथेच पैशांचा खरा प्रश्न येतो. समजा एकूण १० लाखांचं कर्ज, दर वर्षी अडीच लाख उचल, १० टक्के व्याज. परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, पण व्याज उचलीच्या दिवसापासून चढत असतं. सरळव्याजाने पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं सव्वा लाख, दुसरीवर एक लाख, तिसरीवर पाऊण, चौथीवर अर्धा, असं साडेतीन लाख व्याज हप्ता सुरू होण्याआधीच होतं. साडेतेरा लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिना जवळपास १७,८०० रुपये पडतो. आता ताळा घाला: पदवीनंतर मुलगी दोन वर्षांच्या मास्टर्सला गेली, तर हप्ता मास्टर्सच्या दुसऱ्याच वर्षी सुरू होतो, जेव्हा तिचं उत्पन्न शून्य असतं आणि तो तुमच्या कारखान्यातून भरावा लागतो. पुढच्या शिक्षणासाठी परतफेड पुढे ढकलता येईल का, हे बँकेकडून मंजुरीपत्रातच लिहून घ्या. शाखाधिकाऱ्याचं तोंडी आश्वासन पाच वर्षांनी कोणी लक्षात ठेवणार नाही.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज सवलत आहे, पण संस्था पात्र यादीत असावी लागते. ते आधी पाहा. मुलींना शंभर टक्के शुल्कमाफीची राज्याची योजना इथे लागू धरू नका. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांसाठी आहे, खासगी विद्यापीठं तिच्यात येत नाहीत.

विद्यापीठाची स्वतःची आर्थिक मदत मात्र जरूर मागा. कारखानदार कुटुंबांचा अर्ज एका कारणाने अडकतो: प्राप्तिकर विवरणपत्रात नफा चार-पाच लाख दिसतो आणि बँकेच्या कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्यात उलाढाल लाखोंची दिसते. अर्ज तपासणाऱ्याला सुताची खरेदी आणि टॉवेलची विक्री यांतला फरक माहीत नसतो, त्याला उलाढाल म्हणजे उत्पन्न वाटतं. म्हणून तीन वर्षांच्या विवरणपत्रांसोबत एक पान स्वतः लिहून जोडा: वर्षाची विक्री, त्यातून सूत, रंगाई, वीजबिल, मजुरी, व्याज गेल्यावर घरखर्चाला उरलं ते. मागांची किंमत वेगळी दाखवा आणि ते विकल्याशिवाय हाती येत नाही हे स्पष्ट लिहा. मदत फक्त शिक्षणशुल्काला आहे की वसतिगृह-जेवणालाही, दरवर्षी नव्याने ठरते का, आणि टिकवायला किती ग्रेड लागते, हे तीन मुद्दे विचाराच.

मग निर्णय काय? हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे: कर्ज किती आणि मुलगी गणिताला तयार आहे का. मदत मिळून कर्ज पाच-सहा लाखांच्या आत राहत असेल आणि वर लिहिलेल्या क्रमाने शिकायची तिची तयारी असेल, तर मी पाठवा म्हणेन. कर्ज दहा लाखांच्या वर जात असेल तर पाठवू नका; ते पैसे मास्टर्ससाठी राखून ठेवा आणि पदवी स्वस्तात करा. आणि गणित नकोच असेल, तर एवढा खर्च कुठल्याच बाजूने भरून निघत नाही.

सोलापुरात राहून करायचं ठरलं तर तेही नीट करता येतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर-मायनरची (मुख्य-दुय्यम विषयांची) रचना आहे आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा कोर्स, आपल्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. अर्थशास्त्र मेजर असेल तर ते विज्ञान शाखेतलं गणित किंवा संख्याशास्त्राचं घ्या. वेळापत्रकात तास एकमेकांवर येतात ही नेहमीची अडचण. प्रवेशाच्या आठवड्यातच विभागप्रमुखांना भेटून तोडगा काढावा, सत्र सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही. इकॉनोमेट्रिक्स आणि गणिती अर्थशास्त्र 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावर मिळतं. त्याचे क्रेडिट पदवीत धरता येतात, पण महाविद्यालयाने आधी मान्यता द्यावी लागते. फील्ड प्रोजेक्टला मार्केट यार्ड आणि यंत्रमाग घराजवळच आहेत, त्यासाठी दुसऱ्या गावाहून मुलं इथे येतील असे विषय आहेत. इथे कमी पडेल ते शिक्षकाने मसुद्यावर लाल पेनने केलेलं काम आणि बरोबरीने अभ्यास करणारी चार मुलं. त्यासाठी दोन-तीन मैत्रिणी मिळून आठवड्याला एक प्रवेश परीक्षेचा जुना पेपर सोडवायचा नेम ठेवावा, दुसऱ्या वर्षापासून.

सध्या करायचं ते इतकंच: त्या विद्यापीठाचं कोर्सांचं माहितीपुस्तक मागवा, मुलीला शेजारी बसवून आठ सत्रांचा तक्ता तिच्याच हाताने भरून घ्या, आणि चौथ्या सत्राच्या रकान्यात इकॉनोमेट्रिक्स बसतंय का ते पाहा. आर्थिक मदतीचा अर्ज जागा राखण्याची रक्कम भरण्याआधी द्या, आणि किती मदत मिळणार ते लेखी हाती येईपर्यंत परत न मिळणारी कुठलीही रक्कम भरू नका. तक्ता भरून झाला की इथे टाका, कुठला कोर्स पुढे-मागे करायला हवा ते पाहून सांगतो.